गाजरची काचपेटी आणि काजवाल्या बाई

काजवाल्या बाईंबद्दल लिहायचं ठरवलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, त्यांना गोड आवडायचं की तिखट, यातलं काहीच मला सांगता येणार नाही. सहा वर्षं आमची दारं समोरासमोर होती. त्यांच्या काजांच्या मशीनची घरघर ऐकू आली की बाई घरी आहेत, एवढं कळायचं. जिन्यात भेट झाली तर "काय काका, बरं आहे ना?" आणि "बरं आहे," इथपर्यंतच आमचं बोलणं. तेव्हा हे जे लिहितोय ते एका हिवाळ्यातल्या थोड्या दिवसांचं आहे. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या बाई मला ठाऊक नाहीत. आमच्या हिला जास्त ठाऊक होत्या, पण ती लिहायला तयार नाही. "घोळ तुम्ही घातलात, तुम्हीच लिहा," म्हणाली.

बाई सकाळी शर्टांच्या कारखान्यात जायच्या आणि दोनच्या सुमारास परतायच्या. तिथे त्या काज करायच्या, म्हणजे बटणाची भोकं, आणि शर्टांना इस्त्रीही. दुपारनंतर काजांचं काम घरच्या मशीनवर. पन्नाशी उलटलेली, अंगाने किरकोळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोटं मात्र बघण्यासारखी. सुईच्या टोकाने दोरा उचलावा तशी कुठलीही वस्तू उचलायच्या.

त्यांची मुलगी चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. लग्नबिग्न नव्हे, भांडून. त्या भांडणाचं कारण साप होता, हे मला पुष्कळ उशिरा, हिच्याकडून कळलं.

मुलीला सापांचं वेड. घरात काचेच्या पेटीत एक पाळलेला होता. एकदा ती चार दिवस बाहेरगावी गेली. दिवस थंडीचे. पेटीखालची तापणारी चटई विजेवर चालायची. बाईंच्या कारखान्यात नियम असा, की जो शेवटी बाहेर पडेल त्याने भिंतीवरचे सगळे स्विच बंद करायचे. कधीतरी इस्त्री चालू राहून टेबल पेटलं होतं, तेव्हापासूनचा नियम. तीस वर्षांत तो बाईंच्या हातात इतका मुरला होता की घरातून निघतानाही त्यांचा हात आपोआप स्विचांवरून फिरायचा. चारही दिवस फिरला. साप गारठला, त्याच्या छातीत कफ झाला आणि पंधरवड्यात तो गेला. मुलगी ओरडली नाही, रडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

आणि बाई रागाच्या भरात म्हणाल्या, "हो, मुद्दाम."

त्या एका वाक्यावर चार वर्षं गेली.

त्या हिवाळ्यात मुलगी अचानक आली ती काचपेटी घेऊन. प्रयोगशाळेत नोकरी करायची, तिला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवत होते. ठेवायला दुसरं कुणी नाही, असं ती दारातच म्हणाली. पेटीत नारिंगी-तांबडा, अंगठ्याएवढा जाड, बिनविषारी साप होता. नाव गाजर. पेटीला खाली रबराचे चार पाय, एका टोकाला काचेखाली चिकटवलेली चटई, तिला जोडलेला थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅटमधून निघालेली एक बारीक वायर. वायरच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर, तो पेटीच्या आत, चटईच्या बरोबर वर, काचेच्या तळाला चिकटपट्टीने चिकटवलेला. चटईच्या बाजूला एकतीस अंश. दुसरी बाजू गार. सापाला हवं तेव्हा उबेत यावं, हवं तेव्हा गारव्यात जावं. हे सगळं एका कागदावर लिहून मुलीने तो भिंतीला लावला. बर्फाच्या कप्प्यात मटारांच्या पिशवीमागे सापाच्या खाण्यासाठी गोठवलेल्या उंदरांचा डबाही ठेवला.

"घाबरतेस तर हात लावू नकोस," मुलगी म्हणाली. "फक्त पाणी बदल आणि आठवड्यातून एकदा चिमट्याने खायला दे. आणि आई..."

"कळलं," बाई म्हणाल्या. "स्विच."

मुलगी गेल्यावर बाईंनी कापडाची एक छोटी पिशवी शिवली. चटईच्या स्विचवर ती बसवली, तिच्या दोन्ही कडांना काज आणि बटण. आता हात सवयीने फिरला तरी कापडाला लागेल आणि थांबेल. आमची ही ती पिशवी बघायला गेली होती. म्हणाली, "अहो, स्विचला अंगरखा घातलाय."

दहा-बारा दिवस सुरळीत गेले. मग एका सोमवारी दुपारी बाईंनी आमचं दार वाजवलं. पाणी बदलताना वाटी कलंडली होती, ओल्यामुळे चिकटपट्टी सुटली आणि सेन्सर हाताबरोबर वर आला.

"काका, तुम्ही थर्मामीटरवाले ना? एवढं बघता का?"

मी पस्तीस वर्षं फळांच्या शीतगृहात तापमान बघायचं काम केलं. खोलीखोलीत थर्मामीटर लावायचे, तासातासाला आकडा लिहायचा. निवृत्त झाल्यापासून या बाबतीत मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे मी चटकन चपला घातल्या, हे कबूल करतो.

भिंतीवरच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: सेन्सर सुटला तर आधी मॅट (चटई) बंद कर, मग मला फोन कर. मी ते वाचलं. बाईंनीही वाचलं होतं.

"फोन करायचा का तिला?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "म्हणेल, आईला एवढंही जमलं नाही."

मलाही ते बरंच वाटलं. मी असताना फोन कशाला?

शीतगृहात पहिल्या दिवशी आम्हाला एक गोष्ट शिकवली जायची. थर्मामीटर भिंतीला, फरशीला किंवा खोक्याला टेकू द्यायचा नाही. टेकला की तो खोलीचं तापमान सांगत नाही, टेकलेल्या वस्तूचं सांगतो. तो नेहमी मधोमध, हवेत टांगायचा. सेन्सर तळाला चिकटवलेला होता हे बघून मला मुलीची कीव आली. शिकलेली पोर, पण कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. मी झाकणाच्या जाळीतून दोरा घालून सेन्सर पेटीच्या मधोमध लोंबता ठेवला. एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडं निभावलं असतं. पण पेटी आणि टेबल यांच्यात फट दिसली. आमच्या शीतगृहात फट म्हणजे गुन्हा. मी घरून थर्मोकोलचा तुकडा आणला आणि चटईखाली घट्ट सरकवला.

"आता ऊब वाया जाणार नाही," मी म्हणालो.

"तिने ते पाय मुद्दाम ठेवले असतील का?" बाईंनी विचारलं.

"पेटी सरकू नये म्हणून असतात ते."

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पस्तीस वर्षं तुम्ही सफरचंदं गार ठेवलीत. साप गरम ठेवायला कधी शिकलात?"

मी हसण्यावारी नेलं.

मंगळवारी सकाळी कारखान्यात जाताना बाई दारात थांबल्या. "काका, काच फार तापलीय. इस्त्रीसारखी लागते."

"आकडा किती दाखवतोय?"

"पंचवीस."

"मग? एकतीस हवेत. अजून कमीच आहे की. थंडी वाढलीय."

"हाताला मात्र..."

"हात म्हणजे थर्मामीटर नव्हे, बाई."

हे वाक्य मी कसं म्हणालो ते मला अजून ऐकू येतं. उद्धटपणे नाही, समजावल्यासारखं म्हणालो. ते जास्त वाईट. ज्या बाईने तीस वर्षं इस्त्रीजवळ हाताची मागची बाजू नेऊन कुठलं कापड जळेल आणि कुठलं सोसेल ते ओळखलं, तिला मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या.

खरं कारण आज शेंबड्या पोरालाही कळेल. चटई तापली की आधी काच तापते, मग हळूहळू हवा. थंडीत पेटीतली हवा काही केल्या एकतीसवर जात नव्हती. हवेत टांगलेला सेन्सर सांगत राहिला, अजून गार आहे, अजून गार आहे. थर्मोस्टॅट बिचारा चटई बंदच करेना. खालून थर्मोकोल, त्यामुळे उष्णतेला दुसरीकडे वाटही नाही. आणि त्या काचेवर, लाकडाच्या भुशात शिरून, ऊब शोधत साप पोटावर पडलेला.

बुधवारी मी आपणहून डोकावलो. गाजर पाण्याच्या वाटीत वेटोळं घालून बसला होता, दुसऱ्या टोकाला.

"कालपासून तिथेच आहे," बाई म्हणाल्या. त्या पेटीपासून दोन हात लांब उभ्या होत्या, नेहमीसारख्या. "असा कधी बसला नव्हता."

"कात टाकायच्या आधी बसतात म्हणे पाण्यात."

हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आजही आठवत नाही.

"डोळे धुरकट होतात तेव्हा. तिने लिहिलंय." बाई वाकून, लांबूनच बघत होत्या. "याचे स्वच्छ आहेत."

मी आकडा बघितला. सव्वीस. "चढतंय," म्हणालो.

मी निघालो तेव्हा त्या स्विचवरच्या पिशवीचं बटण बोटांनी फिरवत होत्या.

गुरुवारी बारा-सव्वाबाराला दार वाजलं. वाजलं म्हणजे बडवलं गेलं. बाई कारखान्यातून दोन तास आधी आल्या होत्या. अंगावर कामाचा अ‍ॅप्रन तसाच, त्याच्या खिशात टोचलेल्या सुया.

"मी बंद केलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"स्विच. परत बंद केला मी." "इस्त्री करत होते हो तिथे. पाण्याचा थेंब टाकला, तो चर्र वाजला आणि माझं मनच थाऱ्यावर राहिलं नाही. तशीच निघाले. काका, चूक असेल तर सांगा, परत लावते. पण चला."

त्यांच्या खोलीत शिरलो. स्विचवरची पिशवी फाटून लोंबत होती. बटण काढायलाही त्या थांबल्या नव्हत्या, ओढूनच काढली होती. मी पेटीचं झाकण उघडलं, भुसा बाजूला केला आणि तळाला बोट लावलं.

बोट मागे आलं ते माझ्या इच्छेने नव्हे.

माझ्या खिशात नेहमीचा छोटा थर्मामीटर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो पेटीच्या तळाला टेकवला. आकडा चढत गेला. चाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीसवर थांबला, आणि स्विच बंद होऊन पाच मिनिटं तरी झाली होती. चटईखालून थर्मोकोल ओढला, तर त्यावर चटईच्या आकाराचा खळगा पडलेला. अजून काही दिवसांनी काय झालं असतं, ते मला मोजायचं नव्हतं.

"किती?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही. "त्याला उचलायला हवं," एवढंच म्हणाल्या. "पोट बघायला हवं."

आता खरं सांगतो, मी मागे सरलो. साप बिनविषारी आहे, हे मला पाठ होतं. तरी पाय मागे गेले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे. अ‍ॅप्रनमधल्या सुया एकेक काढून मशीनवरच्या सुयांच्या उशीला टोचल्या. सापाला टोचतील म्हणून. मग हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, डोळे मिटले आणि उघडले.

"दोन्ही हातांनी, मधोमध," त्या भिंतीवरच्या कागदातलं पुटपुटल्या. "डोक्याकडून नाही."

हात पेटीत गेले. गाजरने मान मागे घेतली. मग त्यांनी तो पाण्यातून उचलला, जसा शिवणीवरून सुटलेला दोरा उचलतात तसा, ताण न देता. साप त्यांच्या मनगटाला वळसा घालू लागला.

"अगं बाई, अगं बाई, अगं बाई," त्या हळू आवाजात म्हणत होत्या. "काका, पोट बघा. माझ्याच्याने बघवत नाही."

पोटाचे पांढरे खवले वीतभर लांबीत गुलाबी-तपकिरी झाले होते. दोन ठिकाणी फोड.

"भाजलाय," मी म्हणालो.

"जिवंत आहे ना?"

"जीभ काढतोय."

"मग रडायला वेळ नाही. उशीचा अभ्रा द्या, तो निळा."

जनावरांचा दवाखाना तीन रस्ते पलीकडे होता. बाईंनी अभ्र्यात गाजर, अभ्रा स्वेटरच्या आत, वर कोट असं करून चालायला सुरुवात केली. थंड वारं सुटलं होतं. मी पुढे चालून गर्दी बाजूला करत होतो, जशी काही कुणाची वरात. दवाखान्यात बाकावर एक जाडजूड गृहस्थ कुत्र्याचं पिल्लू घेऊन बसले होते. त्यांनी प्रेमाने विचारलं, "तुमचं मांजर का?"

"साप," बाई म्हणाल्या.

गृहस्थ पिल्लासकट उभे राहिले ते शेवटपर्यंत उभेच होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी गाजर उलटसुलट बघितला, फोडांवर काहीतरी सोडलं आणि विचारलं, "सेन्सर कुठे होता?"

"हवेत," मी म्हणालो. "मधोमध."

"का?"

मी शीतगृहाचं सांगायला लागलो. त्यांनी मला दोन वाक्यं बोलू दिली.

"आजोबा, साप हवेत राहतो का?"

मी खिशातला थर्मामीटर चाचपला.

"त्याचं पोट जिथे टेकतं तिथलं तापमान मोजायचं. पोटाखाली भाजतंय हे यांना वेळेवर कळत नाही. ऊब हवी असते म्हणून पडून राहतात. चटईखाली हवा खेळायला जागा हवी. बंद कुणी केलं?"

"मी," बाई म्हणाल्या, पकडल्यासारख्या.

"अजून एक दिवस गेला असता तर मला काही करता आलं नसतं." डॉक्टरबाईंनी मलमाची नळी टेबलावर ठेवली. "भुसा काढा, पांढरा कागद घाला. सेन्सर तळाला चिकटवा, तीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका. रोज दोनदा मलम. एकाने धरायचं, एकाने लावायचं. वाचेल असं मी आज सांगणार नाही. जखम चिघळली नाही, तर दोन-तीन कातींत भरून येईल."

तसं सुरू झालं. सकाळी त्या कारखान्यात जायच्या आधी आणि दुपारी आल्यावर. त्या धरायच्या, मी कापसाने मलम लावायचो. माझ्याकडून कापूस खाली पडायचा. त्यांची पकड हलायची नाही. प्रत्येक वेळी त्या आधी काचेला हाताची मागची बाजू लावायच्या, मग मी तळावर आडवा ठेवलेला थर्मामीटर वाचायचो.

"तीस?" त्या विचारायच्या.

"साडेएकोणतीस."

एकदाही त्यांचा अंदाज अंशाच्या बाहेर गेला नाही. एक फोड मात्र शुक्रवारी फुटला, शनिवारी त्याच्या कडा काळपट दिसायला लागल्या, आणि गाजरने मान उचलायची सोडली.

रविवारी अकराला मुलीचा फोन यायचा. दर रविवारी यायचा. सुट्टीमुळे सकाळचं मलम उशिरा चाललं होतं, नेमका तेव्हाच आला. बाईंचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"कसा आहे गाजर?" मुलीने विचारलं. आईचं नाही, गाजरचं.

"भाजलाय," बाई म्हणाल्या. त्यांना गोष्ट फिरवून सांगता येत नव्हती. "पोटाला. डॉक्टरांकडे नेला. मलम चालू आहे."

मग, "मॅट चालू आहे?"

"आता आहे. मध्ये बंद केली होती."

"बंद केलीस?" आवाज बारीक झाला. "परत?"

मी तिथे उभा होतो. हातात कापूस. तीन शब्द बोलायचे होते, चूक माझी आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे माझ्यावर ओझं नको म्हणून बघितलं नाही. माझी जीभ टाळूला चिकटली. आजवर साहेबांपुढे, अनोळखी माणसांपुढे चिकटत आली तशीच. मुलगी म्हणाली, "मी येते," आणि फोन बंद झाला.

"काका, कापूस सुकला," बाई म्हणाल्या.

मी घरी येऊन हिला सांगितलं. हिने हातातलं काम खाली ठेवलं. "त्या बाईला मुलगी एकदाच परत मिळाली होती," म्हणाली, आणि आत गेली. त्या दिवशी तिने मला आणखी काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारचा दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. सकाळ-दुपार मलम लावायला जात होतो आणि बाई साध्या गोष्टी बोलत होत्या. नळाला पाणी बारीक येतंय. जिन्यातला दिवा गेलाय. मुलीबद्दल अवाक्षर नाही. फक्त त्यांनी घर इतकं आवरलं होतं, जसं कुणी तपासणीला येणार आहे.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. मी दाराशीच होतो. मुलगी वर आली, माझ्याकडे मान हलवली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

तिने कोट काढला नाही. पेटी उघडली, गाजर उचलला, उजेडाकडे धरून पोट बघितलं. मग तळाचा सेन्सर बघितला, चिकटपट्टीवरून बोट फिरवलं, पेटीखालची मोकळी फट बघितली. सगळं जागच्या जागी.

"हे तर बरोबर आहे," ती म्हणाली. "मग भाजला कसा?"

"झालं खरं," बाई म्हणाल्या.

"झालं म्हणजे?"

"मी," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीची पाठ धरली. "सेन्सर सुटला होता. मी तो हवेत टांगला. खाली थर्मोकोल घातला. तळ सत्तेचाळीसपर्यंत गेला. तुमच्या आईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं, काच फार तापतेय म्हणून. त्यांना हातानेच कळलं. मी ऐकलं नाही. रविवारी फोनवर मी इथेच उभा होतो. बोललो नाही."

एवढं एका दमात मी क्वचितच बोललो असेन.

"हवेत कशाला टांगलात?" मुलीला खरोखर कळत नव्हतं.

"आम्ही तसंच टांगायचो."

"कुठे?"

"सफरचंदांच्या मध्ये."

बाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी लगेच हाताने तोंड दाबलं. मुलगी हसली नाही. ती आईकडे वळली. "तुला लगेच कळलं, मग गप्प का बसलीस?"

"काका थर्मामीटरवाले. मी काजं करणारी. मला वाटलं, मीच काहीतरी चुकतेय. मागच्यासारखी."

"आणि मग बंद केलीस."

"केली."

"मुद्दाम?"

खोलीत गाजरचंच काय ते हलणं चालू होतं. तो मुलीच्या हातावरून पुढे सरकत होता, हळू, जखम जपत. बाईंनी सवयीने आपला हात खाली धरला आणि तो त्यांच्या मनगटावर आला. मुलगी त्या हाताकडे बघत राहिली.

"हो, मुद्दाम," बाई म्हणाल्या. "हे मुद्दाम. मागचं नव्हतं. मागच्या वेळी मी विसरले होते. चारही दिवस विसरले. तू तसं विचारलंस आणि मला राग आला, म्हणून हो म्हणाले. तू इतकी दूर जाशील असं वाटलं नव्हतं."

"चार वर्षं, आई."

"तू विचारलं नाहीस परत."

"तू सांगितलं नाहीस."

मी निघायला हवं होतं, पण मलमाची वेळ झाली होती आणि नळी माझ्या हातात होती. मुलीने ती माझ्या हातातून घेतली. "मी लावते, काका," म्हणाली. आवाज कोरडा होता, पण "काका" म्हणाली. मी दार ओढून घेतलं.

पुढचं हिच्याकडून समजलं, तेवढंच लिहितो. मुलीने प्रशिक्षण अर्धवट सोडलं, पुन्हा कधीतरी करू म्हणाली. मलमाला दोन माणसं लागतात आणि तिच्या घरी ती एकटी. म्हणून चौथ्या दिवशी ती गाजरसकट आईलाही घेऊन निघाली, थोड्या दिवसांसाठी. महिन्याभराने निरोप आला की गाजरने पहिली कात टाकली, पोटावर डाग आहे पण जखम सुकली. मग बाईंना तिकडेच एका शिंप्याकडे काम मिळालं. इथली खोली त्यांनी सोडली. सामान न्यायला मुलगीच आली होती. बाईंची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. थोडक्या आजारात गेल्या म्हणे.

त्या मुलीबरोबर निघाल्या तो दिवस मात्र आठवतो. मुलगी पेटी घेऊन खाली गाडीपाशी गेली होती. बाई कोट घालून आमच्या सामाईक गॅलरीत उभ्या होत्या, वर कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत. मी दारातून विचारलं, काही राहिलं का?

"ही दोरी तुमची की माझी, काका?"

"तुमची. तुम्हीच बांधली होती."

"मग राहू दे. काकूंना सांगा, चादरी इकडेच घाला, या बाजूला ऊन दुपारपर्यंत असतं."

"सांगतो."

"खिळा जरा हललाय. ठोकून घ्या."

"घेतो."

"बरं, येते."

"या," मी म्हणालो.